आंबोलीला राहायला आलोय, पण माकडं सोडून काही दिसत नाही. काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा : मार्चमध्ये पुण्याहून आंबोलीला राहायला आलात, काम घरूनच चालतं, दर शनिवार-रविवार कावळेसाद, महादेवगड, नांगरतास, हिरण्यकेशी सगळं पालथं घालता, आणि दोन महिन्यांत माकडं आणि लांबून एकदा गवा, एवढंच पदरात पडलं. दुर्बीण कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी आणि घाबरायचं नक्की कशाला, असं विचारलंय.

सगळ्यात आधी ते शनिवार-रविवार बंद करा. पर्यटकाकडे दोनच दिवस असतात, म्हणून तो पॉइंट मोजत फिरतो. तुम्ही तिथे राहता आणि तरी तसंच फिरताय. ज्या ठिकाणांची नावं तुम्ही घेतलीत तिथे सुट्टीच्या दिवशी माणसं, भजीच्या गाड्या आणि कुरकुऱ्यांवर वाढलेली माकडं असणार, दुसरं काय असणार? त्यातून हिरण्यकेशी वेगळी. तिथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाची शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने नवी प्रजाती म्हणून २०२०मध्ये नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पण तीही मंगळवारी सकाळी बघायची जागा आहे. आणि कुंडात पाय बुडवून बसायचं नाही.

त्याऐवजी एकच वाट धरा. घरापासून दहा मिनिटांत चालत गाठता येईल अशी, फार तर दीड किलोमीटरची. तिच्यावर थोडी दाट झाडी हवी, एखादा व्हाळ (छोटा ओढा) हवा, उघड्या सड्याचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळाचा, तुकडा हवा आणि जमलं तर एक उंबर किंवा नांद्रुक. आठवड्यातून तीनदा, वर्षभर, तीच वाट. तिथला रोजचा आवाज, रोजची शेण-लीद, रोजच्या फांद्या पाठ झाल्या की त्या दिवशी काय नवीन आहे ते आपोआप नजरेत भरतं. राहणाऱ्याचा फायदा हा आणि एवढाच आहे. पर्यटक कितीही भारी कॅमेरा घेऊन आला तरी त्याला तो मिळत नाही.

वाट ठरवण्याआधी शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारा. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कुठली जमीन वनखात्याची, कुठली खाजगी आणि कुठली कबुलायतदार गावकरांची (गावाच्या सामाईक मालकीची) हे बाहेरच्याला नुसतं बघून कळणं शक्य नाही. गवा हल्ली कुठून उतरतो, कुठल्या बाजूला अस्वलाचा वावर आहे, हेही तिथेच कळेल. देवाच्या राईत शिरायचं असेल तर तिथले नियम आधी विचारा. बहुतेक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत, आणि जुनी झाडं टिकली आहेत ती त्यामुळेच. राखीव जंगलात शिरायचं तर वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात आधी बोलून घ्या. ट्रॅप कॅमेरा (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा) स्वतःच्या आवारात लावायला हरकत नाही, जंगलात परवानगीशिवाय नाही.

आता वेळ. मेमध्ये तिथे सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. तुम्ही पावणेसहाला वाटेवर असायला हवं, घरातून निघायला नव्हे. अंधुक उजेडात व्हाळाच्या बाजूने कोणीतरी माणूस रमतगमत, सूर सोडून शीळ घालतोय असं वाटलं तर तो शीळ घालणारा कस्तूर. त्याचं गाणं मे ते सप्टेंबर जोरात असतं. साडेनऊनंतर पक्षी गप्प व्हायला लागतात आणि बारा ते तीन जंगल मेल्यासारखं असतं. नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्याला काही दिसत नाही ते यामुळेच.

चालायचं कसं? शंभर पावलं टाका आणि पाच मिनिटं उभे राहा. बघत बसू नका, आधी ऐका. एक किलोमीटरला दीड तास लागला तर चाल बरोबर आहे. वाटेत एका जागी, शक्यतो झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, निदान वीस मिनिटं बसा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही, कारण तुम्ही आल्यामुळे सगळे दबलेले असतात. बहुतेक लोक नेमके आठव्या मिनिटाला कंटाळून उठतात. खरं बघणं दहाव्यानंतर सुरू होतं.

उंबर-नांद्रुक-वड यांच्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आंबोलीत धनेश बघायचा सगळ्यात सोपा रस्ता तोच. या झाडांना सगळ्यांना एकदम फळं धरत नाहीत. एकाच जातीची दोन झाडं वेगवेगळ्या महिन्यांत पिकतात. त्यामुळे घराच्या दोन किलोमीटरच्या परिघातली अशी सगळी झाडं शोधून वहीत नकाशा काढा आणि पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाखाली डोकावून या. वर बघत बसायची गरज नाही, जमीन बघा. खाली अर्धवट खाल्लेली फळं, ताजी साल, वटवाघळांनी चोथा करून टाकलेल्या गोळ्या दिसल्या की झाड चालू आहे. मग दुसऱ्या दिवशी उजाडता पंचवीस-तीस मीटर लांब बसायचं. तांबट, हरियाल, हळद्या, मलबारी राखी धनेश हे सगळे येऊन जातात, तुम्हाला हलायलासुद्धा लागत नाही. मे महिन्यात मात्र धनेशाचा नर एकाच ढोलीकडे सारखा चोचीत काही घेऊन जाताना दिसला तर तिथे थांबू नका. मादीने ढोलीत स्वतःला बंद करून घेतलेलं असतं आणि तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट त्या एका नरावर अवलंबून असतं. तो माणसाला बुजला की घास चुकतो. अशा ढोलीचा पत्ता कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

आवाज ओळखायला मर्लिन ॲप वापरा. भारताच्या पक्ष्यांचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, दरीत नेटवर्क मिळत नाही. पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. भृंगराज दहा पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप तितक्याच आत्मविश्वासाने दहा नावं दाखवतं. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हा प्रकार विणीच्या काळात तर अजिबात करू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो.

इशाऱ्याचे आवाज आधी शिका. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, एकेक, मध्ये मध्ये थांबून, कधी कधी दहा-दहा मिनिटं. सांबराचा आवाज बद्द, एकदम फुटणारा, "ढँक" असा. वानरांचं खाकरणं तर घरातूनही ऐकू येईल. एकटं भेकर भुंकलं तर ते तुम्हालाच भुंकलं असण्याची शक्यता जास्त. वानर आणि सांबर दोन्ही एका दिशेला तोंड करून ओरडत असतील तर बिबट्या धरून चाला.

बहुतेक सस्तन प्राणी तुम्हाला "दिसणार" नाहीत, त्यांच्या खुणा दिसतील. यात निराश होण्यासारखं काही नाही, उलट खुणा वाचायला लागलात की जंगल भरलेलं आहे हे कळतं. वळवाची सर येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरचा मऊ चिखल बघा, ठसा दुपारपर्यंत चांगला टिकतो. मांजरकुळातल्या ठशात नख्या उमटत नाहीत आणि गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. कुत्र्याच्या ठशात नख्यांची टोकं दिसतात. बिबट्याचा ठसा रुंदीला साधारण सात-आठ सेंटिमीटर. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे नंतर अंदाजपंचे बोलावं लागत नाही. वाटेतल्या दगडावर मुद्दाम ठेवल्यासारखी, बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराची. केसांनी भरलेली, पिळदार, टोकाला निमुळती असेल तर बिबट्याची. वारूळ मोठ्या भोकाने फोडलेलं असेल आणि बाजूला लांब नख्यांचे ओरखडे असतील तर अस्वल, आणि माती अजून ओली असेल तर आल्या वाटेने परत फिरा.

दुर्बिणीचं म्हणाल तर आत्ता घाईने घेऊ नका. पाऊस तोंडावर आहे. जून ते सप्टेंबर आंबोलीत दुर्बिणीपेक्षा टॉर्च दहापट उपयोगाचा. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, धुकं असं की वीस फुटांवरचं झाड दिसत नाही. दुर्बीण ऑक्टोबरात घ्या आणि घेताना ८×४२च घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. १०×४२ने पक्षी मोठा दिसतो हे खरं, पण हात थरथरला की चित्रही तेवढंच थरथरतं आणि दृश्याचा आवाका कमी होतो. दाट झाडीत आधी पक्षी सापडायला हवा, मोठा नंतर. शिवाय ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. दहाच्या दुर्बिणीत तोच ४.२ होतो, आणि पहाटेच्या झाडीत हा फरक जाणवतो. पाणी न शिरणारी, आत नायट्रोजन भरलेली आणि दोन मीटरवरचं फुलपाखरू दाखवणारी बघून घ्या.

घेतल्यावर पन्नासातले चाळीस लोक ती जुळवून घेत नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात. पद्धत सोपी आहे. उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबची पाटी बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्वच्छ करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. चष्मा असेल तर डोळ्यांवरच्या रबरी वाट्या पूर्ण आत फिरवा, नाहीतर भोवती काळं कडं दिसतं.

पावसाळ्यात दुर्बीण आणि कॅमेरा कपाटात किंवा त्यांच्या चामडी पिशवीत ठेवलेत तर ऑगस्टपर्यंत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आलीच म्हणून समजा. ती आतून धरते आणि काचेवरचा लेप खाते. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा घ्या, तळाला दोनशे ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घालून ठेवा. दाणे हिरवे पडले की कढईत मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत गरम करायचे. जुलैमध्ये हे दर आठवड्याला करावं लागतं. ओली दुर्बीण डब्यात टाकू नका, आधी पुसून पंख्याखाली वाळवा.

आता टॉर्च. एक डोक्याला बांधायचा, एक हातातला, आणि जादा सेल प्लॅस्टिकच्या पिशवीत. हातातला टॉर्च कमरेपाशी न धरता कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. प्राण्याच्या डोळ्यातून प्रकाश जसा आला तसाच परत फिरतो, म्हणून टॉर्च खाली असेल तर ती चमक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. गवतात हिऱ्याच्या कण्या विखुरल्यासारखं दिसलं तर ते कोळी. रस्त्यावर लालसर निखारा दिसला आणि तो उडाला, तर रातवा. माणसाच्या छातीच्या उंचीवर दोन मोठे डोळे चमकले तर गवा, मागे फिरा. अतिनील टॉर्च मिळाला तर जांभ्याच्या गडग्यांवर मारून बघा, विंचू हिरवट निळे चमकतात. आपल्या पायऱ्यांवर किती राहतात ते कळल्यावर रात्री अनवाणी जायचं आपोआप सुटतं.

पहिल्या मोठ्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस घालवू नका. सड्यावर जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साठतं आणि त्यात आंबोली टोड (बेडकाचाच एक प्रकार) वीण घालतो. तीन-चार सेंटिमीटरचा, बाजूंवर पिवळे डाग असलेला हा प्राणी आंबोली आणि आसपासच्या छोट्या पट्ट्यापलीकडे जवळपास सापडत नाही आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद २००९मधली. अंडी ज्या डबक्यात असतात ते बुटाच्या ठशाएवढंही असू शकतं, म्हणून सड्यावर पाण्यात पाय टाकायचाच नाही, कोरड्या उंचवट्यावरूनच चालायचं. फोटोसाठी गुडघा टेकण्याआधी खाली काय आहे ते बघा.

उडता बेडूक त्यामानाने सोपा. हिरवागार, बोटांमधले पडदे लाल-केशरी, मोठी मादी दहा सेंटिमीटरपर्यंत. पाण्यावर झुकलेल्या पानाला किंवा तुमच्या टाकीच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला तर तो साबण नाही, त्याचं घरटं आहे. घासून काढू नका. आत अंडी असतात. आठवड्याभरात फेस विरघळतो आणि पिल्लं टपाटप खाली पाण्यात पडतात. याउलट तिथला छोटा झुडूपबेडूक मातीत अंडी घालतो आणि अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो, डिंभ (टॅडपोल) ही पायरीच नाही. कुठलाही बेडूक हातात घेऊ नका. हातावरचं डासांचं मलम त्याच्या कातडीतून थेट आत जातं.

झुडपांत कमरेच्या उंचीवर चापडा हा विषारी साप असतो, हिरवा किंवा मलबारी. मलबारी तर हिरवा, तपकिरी, पिवळा अशा कोणत्याही रंगाचा निघतो. तो एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो, त्यामुळे एकदा दिसला की जागा लक्षात ठेवा, रोज बघता येतो. आधाराला फांदी धरायची सवय मात्र मोडा. जमिनीवर गांडुळासारखा पण जाडजूड, चकचकीत, अंगावर कडी असलेला प्राणी दिसला तर तो देवगांडूळ. साप समजून लोक मारतात. तो बेडकांच्या गोतातला आहे.

भीतीबद्दल. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडचं प्रतिविष चालतं, चापड्याच्या विषावर ते उपयोगी नाही. त्याचा दंश खूप दुखतो, सुजतो, पण जिवावर क्वचितच बेततो, उपचार लक्षणांवर होतात. साप कोणताही असो, आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, पाय किंवा हात फळीला बांधून न हलवता १०८ला फोन करा. सावंतवाडी घाट उतरून साधारण तीस किलोमीटर आहे, म्हणून प्रतिविषाचा साठा जवळ कुठे असतो ते आजच विचारून ठेवा. रात्री गमबूट घाला, पण शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळाचा बूट सापापेक्षा जास्त हाडं मोडतो. खोल रेघांचा घ्या.

गवा पळत सुटला तर काही नाही, उभा राहून आडवा झाला तर सांभाळा. अंगाची पूर्ण बाजू दाखवणं, मान खाली घेणं, फुरफुरणं हा इशारा. पन्नास मीटरच्या आत जाऊ नका, एकट्या नराच्या तर शंभरच्याही नाही. दुचाकीवर असाल तर थांबा, दिवा खाली करा, हॉर्न वाजवू नका आणि त्याला रस्त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. अस्वल चिडतं ते अचानक समोर आलं की. दाट कारवीतून जाताना म्हणून शांत चालायचा नियम मोडा आणि बोलत जा. तिलारी-दोडामार्गच्या बाजूला हत्ती आहेत, तिकडे एकट्याने पायी जंगलात शिरायचं नाही.

माझ्या मते गव्यापेक्षा गोचीड जास्त गंभीरपणे घ्यावी. २०१६ पासून सावंतवाडी-दोडामार्ग तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडींमुळे होतो आणि पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत, म्हणजे आत्ता, धोका जास्त असतो. काजूच्या बागेत पाचोळ्यावर बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगभर तपासणी, काखा-जांघांसकट. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. जंगलातून आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर डॉक्टरला जंगलाचं आपणहून सांगा. जळू निव्वळ कटकट आहे. बारीक टोकाखाली नख सरकवून सोडवा, थोडा वेळ रक्त वाहतं ते वाहू द्या, धुवा.

घरही बघा. आवारात उघडी टाकी असेल तर तिच्यात तिरकी खरबरीत फळी सोडून ठेवा, पडलेला प्राणी चढून बाहेर येतो. बाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावा, नाहीतर रात्रभर पतंग त्यावर फिरून मरतात. भिंतीवर वीतभर रुंद ॲटलास पतंग येऊन बसला तर त्याला साखरपाणी पाजायला जाऊ नका. त्याला खायला तोंडच नसतं, आठवड्याभराचंच आयुष्य असतं आणि जोडीदार सापडावा म्हणून तो बसलेला असतो. दिवा बंद करा, झालं.

वही पेन्सिलीने लिहा, पेन पावसात उतरतं. तारीख, वेळ, धुकं-वारा, जागा, काय दिसलं, आणि काय दिसलं नाही तेही. फार नको, पाच ओळी पुरेत.

आणि पहिला जोराचा पाऊस ज्या रात्री पडेल त्या रात्री गाडी काढू नका. टोड आणि बेडूक रस्त्यावरच उतरलेले असतात आणि हेडलाइटच्या उजेडात ते पाचोळ्यासारखे दिसतात. चालत निघा, छत्री घ्या. रेनकोटच्या खसखशीत बेडूक ऐकू येत नाही.